दाराबाहेरची थाप

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्रजीतल्या गाजलेल्या जुन्या भयकथा पुन्हा वाचायला घेतल्या की एक गोष्ट लक्षात येते. त्यांत भूत फार थोडा वेळ दिसतं. काही कथांत तर ते दिसतच नाही. तरीही घशाला कोरड पडते, पान उलटायला हात धजत नाही. हे लेखक नेमकं करतात काय? माझं उत्तर असं, की ते आपल्या डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि आपल्याला ऐकायला लावतात. म्हणून रेडिओवर या कथांबद्दल बोलताना मला विशेष आनंद होतो आहे.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स हा लंडनच्या वॉपिंग भागात, बोटी आणि धक्क्यांच्या शेजारी वाढलेला लेखक. खलाशांच्या विनोदी गोष्टींसाठी तो ओळखला जाई. १९०२ साली त्याने ‘द मंकीज पॉ’, म्हणजे माकडाचा पंजा, ही कथा लिहिली आणि आज त्याचं नाव मुख्यतः या एका कथेमुळे घेतलं जातं. सुरुवात अगदी घरगुती आहे. बाहेर वादळी पाऊस. आत व्हाइट नावाचे म्हातारे गृहस्थ मुलाबरोबर बुद्धिबळ खेळतायत, आई शेकोटीपाशी विणत बसली आहे. हिंदुस्थानातून परतलेला एक लष्करी मित्र येतो. त्याच्याजवळ माकडाचा वाळलेला पंजा आहे. एका फकिराने तो मंतरलाय आणि तीन माणसांना त्याच्याकडून प्रत्येकी तीन इच्छा पुरवून घेता येतात. हिंदुस्थान म्हटलं की फकीर आणि मंत्र, हे आज आपल्याला खटकतं, खटकायलाच हवं. पण जेकब्स त्या फकिरापाशी रेंगाळत नाही. व्हाइटबाई पाहुण्याला विचारतात, तुमच्या तीन इच्छा पुऱ्या झाल्या का? तो ‘हो’ म्हणतो, आणि हातातला पेला त्याच्या दातांवर वाजतो. बस्स. त्याने काय मागितलं होतं, हे कथा संपेपर्यंत कळत नाही. एवढा एक आवाज ऐकवून लेखकाने आपल्याला सावध केलेलं असतं, आणि घरातली माणसं मात्र अजून थट्टामस्करीत असतात.

मग म्हातारा दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी एक अनोळखी, नीटनेटक्या कपड्यांतला माणूस फाटकाशी घुटमळतो. पुढे होतो, थांबतो, पुन्हा फिरतो. शेवटी आत येऊन सांगतो, की मुलगा कारखान्यात यंत्रात सापडला. कंपनी जबाबदारी घेत नाही, पण काही रक्कम देऊ करते. बाप विचारतो, ‘किती?’ आपल्याला आकडा माहीत आहे. त्या बापालाही तो कळून चुकलाय. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली ती जागा अर्ध्या ओळीची असेल, पण मला ती संपूर्ण कथेतली सर्वांत जीवघेणी जागा वाटते. उत्कंठा म्हणजे पुढे काय होणार हे ठाऊक नसणं, असं आपण सहसा समजतो. इथे पुढचं पक्कं ठाऊक आहे आणि म्हणूनच ते ऐकवत नाही.

शेवटची रात्र तर जवळजवळ संपूर्ण अंधारात घडते. मुलाला पुरून काही दिवस झालेत. त्याला परत आणा, अशी दुसरी इच्छा आई नवऱ्याला मागायला लावते. दफनभूमी दोन मैलांवर आहे. बराच वेळ काहीच होत नाही. मेणबत्ती विझते. म्हातारा काडी पेटवून जिना उतरतो, तळाशी काडी विझते, आणि त्याच क्षणी दारावर अगदी हलकी, चोरटी थाप पडते. पुढचं सगळं कानांनी वाचायचं. साखळीचा खडखडाट. घट्ट बसलेली खालची खिट्टी सरकल्याचा आवाज. वरच्या खिट्टीला आईचा हात पुरत नाही, म्हणून खुर्ची ओढल्याचा आवाज. वर अंधारात म्हातारा तिसऱ्या इच्छेसाठी जमिनीवर पंजा चाचपडतोय. दारावर थापांचा वर्षाव.

या क्षणी वाचकाला काय हवं असतं? दार उघडावं, असं त्या आईकडे पाहून वाटतं. दार उघडू नये, असं त्या बापाकडे पाहून वाटतं. दोन्ही इच्छा खऱ्या, आणि दोन्ही एकदम पुऱ्या होणार नाहीत. नुसतं भूत दाखवून हा ताण कधीच आला नसता.

एडगर ॲलन पो याची ‘द टेल-टेल हार्ट’ १८४३ सालची. तिच्यात भूतच नाही, एक खुनी स्वतःची हकिकत सांगतो. सात रात्री तो मध्यरात्री, ज्याला मारायचं आहे त्या म्हाताऱ्याच्या खोलीचं दार उघडतो, इतकं हळू, की नुसतं डोकं आत घालायला तासभर लागतो. आठव्या रात्री कंदिलाच्या पत्र्यावरून त्याचा अंगठा निसटतो. म्हातारा दचकून उठतो, ‘कोण आहे?’ त्यानंतर एक तास दोघंही हलत नाहीत. एक अंथरुणात बसून कान देतोय, दुसरा दारात उभा राहून. पो या तासात काहीही घडू देत नाही. वाचता वाचता आपणही श्वास रोखतो, आणि मग ध्यानात येतं, की आपण खुन्याच्या बाजूला उभं राहून श्वास रोखलाय. ही अस्वस्थता पोने फार विचारपूर्वक आणली आहे. लघुकथेतला प्रत्येक शब्द एका ठरलेल्या परिणामाकडे जायला हवा, असं तो समीक्षेतही मांडत असे.

चार्ल्स डिकन्सच्या ‘द सिग्नल-मॅन’मध्ये एक माणूस वरून, खोल खणलेल्या रेल्वेमार्गाजवळच्या सिग्नलवाल्याला हाक मारतो. सिग्नलवाला वर बघतच नाही, वळून रुळांच्या दिशेने बघतो. का? या एका चुकीच्या दिशेला वळलेल्या मानेवर डिकन्सने सगळी कथा उभी केली. १८६५च्या जूनमध्ये स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातात तो स्वतः सापडला होता, जखमींच्या मदतीला धावला होता. ही कथा त्याने पुढच्याच वर्षी लिहिली.

आपल्याकडे नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या कथांवर वाढलेल्या वाचकांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एम. आर. जेम्स तर आपल्या भूतकथा नाताळात मित्रांना वाचून दाखवत असे. अशुभाने आधी हळूच डोकं काढावं आणि मग हळूहळू सगळी जागा व्यापावी, असं त्याचं सांगणं होतं.

तेव्हा एक विनंती. एखाद्या रात्री घरच्यांना ‘माकडाचा पंजा’ मोठ्याने वाचून दाखवा. घाई करू नका. पहिल्या थापेनंतर थांबा, खिट्टीच्या आवाजानंतर पुन्हा थांबा. म्हाताऱ्याची तिसरी इच्छा कोणत्या शब्दांत होती, हे जेकब्सने लिहिलेलंच नाही. वाचून झाल्यावर घरातल्या प्रत्येकाला विचारा, त्याने नेमकं काय मागितलं असेल. नमस्कार.