जायरोप्लेनचा व्यावसायिक परवाना

धावपट्टीच्या टोकाशी उभे असलेले हे छोटे यंत्र, म्हणजे जायरोप्लेन, दुरून हेलिकॉप्टर वाटते. पण उड्डाणात त्याच्या डोक्यावरची पाती इंजिन फिरवत नाही. इंजिन मागचा पंखा फिरवून यंत्राला पुढे रेटते आणि खालून वर घुसणाऱ्या हवेवर पाती आपसूक फिरत राहतात, जत्रेतले भिरभिरे हातात धरून मूल पळत सुटले की फिरते तशी. स्पेनचे अभियंते हुआन दे ला सिएर्वा यांनी याच तत्त्वावर बांधलेला ऑटोजायरो (जायरोप्लेनचेच जुने नाव) १९२३ च्या जानेवारीत माद्रिदजवळच्या हेताफे येथे उडाला. पुढे अमेरिकेत १९३९ साली फिलाडेल्फियाच्या टपाल कार्यालयाच्या गच्चीवरून कॅमडेनच्या विमानतळापर्यंत अशाच यंत्राने नियमित टपाल नेले जाऊ लागले.

आज अमेरिकेत जायरोप्लेन उडवून मोबदला घ्यायचा असेल, तर खासगी परवाना पुरत नाही. व्यावसायिक परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत आणि एकूण १५० तासांचा उड्डाणानुभव हवा. त्यांतले किमान २५ तास जायरोप्लेनमधलेच असावे लागतात. प्रशिक्षकासोबतच्या २० तासांत केवळ उपकरणांकडे पाहून यंत्र सांभाळण्याचा सराव येतो, दिवसा ५० नॉटिकल मैलांहून, म्हणजे सुमारे ९३ किलोमीटरहून, अधिक दूर जाणारा दोन तासांचा प्रवास येतो आणि रात्रीची दहा उड्डाणे व दहा अवतरणेही येतात. ही रात्रीची अट कागदावर किरकोळ दिसते, पण पुरेसे दिवे असलेले जायरोप्लेन मिळवणे हीच अनेकांची खरी अडचण ठरते.

कौशल्याचा कस मात्र जमिनीवरच लागतो. प्री-रोटेटर नावाची यंत्रणा इंजिनाची थोडी शक्ती पात्यांकडे वळवते. आजच्या दोन आसनी यंत्रांत मिनिटाला साधारण २०० फेरे झाले की शिकाऊ वैमानिक ती सोडतो, स्टिक, म्हणजे पाती कलवून यंत्राला वळण देणारा दांडा, पूर्ण मागे ओढतो आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती, हळूहळू वाढवतो. इथे घाई झाली, म्हणजे पात्यांनी पुरेसा वेग घेण्याआधीच यंत्र पळू लागले, तर पुढे जाणारे पाते वर उचलले जाते, मागे येणारे खाली पडते, स्टिक हातात थडथडू लागते आणि पाती शेपटीवर आपटून तुटण्याची वेळ येते. म्हणून प्रशिक्षकाचे बोट पुन्हा पुन्हा पात्यांचे फेरे दाखवणाऱ्या काट्याकडे जाते.

विमानाचा व्यावसायिक परवाना आधीच असलेल्यांना लेखी परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. प्रात्यक्षिक परीक्षा मात्र कोणालाच चुकत नाही. माझ्या मते या अनुभवी मंडळींनाच जास्त शिकवावे लागते, कारण वेग कमी झाला की स्टिक पुढे ढकलण्याची सवय त्यांच्या हातात मुरलेली असते. जायरोप्लेनमध्ये स्टिक झटक्याने पुढे गेली, तर पात्यांवरचा भार उतरतो, खालून येणारी हवा तुटते आणि फेरे मंदावतात. त्यातच पंख्याचा रेटा गुरुत्वमध्याच्या वरून जात असेल, तर यंत्र नाक खाली घालून पुढच्या पुढे उलटते आणि मग सावरण्याची संधी उरत नाही. उलट, पुरेशा उंचीवर थ्रॉटल बंद करून पुढचा वेग जवळजवळ शून्यावर आणला, तरी पाती फिरतच राहतात व यंत्र सरळ खाली उतरू लागते. नाक अलगद खाली घेऊन वेग मिळवायचा आणि मग शक्ती द्यायची, हा क्रम परीक्षक बारकाईने पाहतो.

एवढे करून नोकऱ्या फारशा नाहीत. अमेरिकेतली बहुतेक जायरोप्लेन हौशी लोकांनी घरी बांधलेली, प्रायोगिक वर्गातली आहेत आणि त्यांतून भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. तरीही हा परवाना घेतला जातो, कारण त्याच्याशिवाय जायरोप्लेनचा पूर्ण दर्जाचा उड्डाण प्रशिक्षक होता येत नाही.

यंत्र उतरले आहे, इंजिनही बंद झाले आहे. पण पाती अजून फिरत आहेत. शिकाऊ वैमानिकाचा हात स्टिकवरच आहे आणि शेवटचा फेरा थांबेपर्यंत प्रशिक्षक त्याला पट्टा सोडू देत नाही.