लाल हाड आणि मुळ्याचा पाला

नमस्कार श्रोतेहो. बाजारातून मुळ्याची जुडी आणली असेल, तर पाला टाकू नका, त्याचं काम आहे. आज जमिनीखाली वाढणाऱ्या भाज्या आणि आपली हाडं यांविषयी.

आधी १७३६ सालच्या लंडनची गोष्ट. जॉन बेल्शियर नावाचे शल्यचिकित्सक एका कापड छापणाऱ्याकडे जेवायला गेले. ताटात डुकराचं मांस होतं. मांस नेहमीसारखं, पण हाड लाल! चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. आपल्या मंजिष्ठेच्या कुळातल्याच एका मुळाने तिथे कापड रंगवत, मग कोंडा घालून उकळून ते साफ करत आणि उरलेला कोंडा डुकरांना घालत. बेल्शियरांनी कोंबड्याच्या खाद्यात ते मूळ मिसळून पाहिलं. त्याचीही हाडं लाल निघाली. पुढे फ्रान्समध्ये द्युआमेल द्यु मोन्सो या शास्त्रज्ञांनी जनावरांना हे मूळ काही दिवस दिलं, काही दिवस बंद ठेवलं, पुन्हा दिलं. हाड कापलं तर थर दिसले: लाल, पांढरा, पुन्हा लाल. त्या मुळातला रंग कॅल्शियमला धरतो, म्हणून ज्या दिवसांत हाड नव्यानं घडतं, त्या दिवसांच्या थरात तो अडकतो. हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नव्हे, श्रोतेहो. आज जेवतो त्यातून ते आज घडतं. रंगानं हाड बळकट मात्र होत नाही. त्यासाठी मंजिष्ठेचं चूर्ण घेऊ नका.

बळकटी कॅल्शियमची. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम लागतं. मुळ्यात ते थोडं, पाल्यात कितीतरी पट. पाला तीन पाण्यांत धुवा, बारीक चिरा, लसूण-मिरचीच्या फोडणीत अर्धी वाटी भिजवलेली मूगडाळ घालून शिजवा. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. कापूस आणि केळीपुढे ज्वारीचं रान आक्रसलं, याचं मला फार वाईट वाटतं. नंदुरबारकडे नागली, म्हणजे नाचणी मिळते, तिच्यात कॅल्शियम भरपूर, तीही घ्या.

रताळ्यातलं पोटॅशियम लघवीतून वाया जाणारं कॅल्शियम कमी करायला मदत करतं. उपवासाला ते दुधात शिजवा, म्हणजे कॅल्शियमही मिळेल. बिटात ऑक्झलेट जास्त. ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. म्हणून बीट फोडी करून उकळा, पाणी ओतून द्या आणि दह्यात कालवा. सुरणाला चिंच किंवा आमसूल हवंच, नाहीतर घसा खाजतो.

कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं. कंदांत ते नाही, ते उन्हातून घ्यावं लागतं. हिवाळ्यात अकरानंतर हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ अंगणात बसा. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर रताळी, बटाटे आणि बीट किती खायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि मुळ्याचा पाला, पुन्हा सांगतो, टाकू नका.