नाद, इनाम आणि तात्यांचे चार आणे
(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय ‘प्रेरणा आणि भावना : मानसशास्त्रीय सिद्धांत’. एवढं वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे तुमच्या प्रेरणेबद्दल मला शंका नाही. काही जण चहाच्या प्रेरणेनं आलेत, तीही प्रेरणाच.

आधी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॅस्लोचं उरकतो, नाहीतर शेवटी कुणीतरी विचारणारच. त्याचा लेख १९४३ चा. गरजा एकीवर एक रचलेल्या आहेत, अन्नपाणी तळाशी, असं तो म्हणाला. गंमत अशी की, प्रत्येक पुस्तकात छापतात तो त्रिकोण त्या लेखात कुठंच नाही. तो मागाहून इतरांनी काढला. आणि तळ भरल्याशिवाय वरचं सुचत नाही, हे आपल्या पेठेतल्या फुटबॉलवाल्या पोरांना सांगून बघा. दुपारचं जेवण राहू दे, मॅच चुकता कामा नये!

मला बोलायचंय ते आपल्या एका शब्दावर. नाद. आपण ‘नाद खुळा’ म्हणतो, ‘नाद करायचा नाय’ म्हणतो. कबुतरांचा नाद, कुस्तीचा नाद. ‘तुला त्यातनं काय मिळतं?’ असं नाद असलेल्याला विचारलं तर तो आपल्याकडं कीव केल्यासारखा बघतो. मानसशास्त्र याला आंतरिक प्रेरणा म्हणतं. शब्द बरोबर आहे, पण त्यात लाल मातीचा वास नाही.

वास म्हटल्यावर तालीम आलीच. दहा वर्षांचा असताना मी पहाटे तालमीत जायचो. कुणी पाठवत नव्हतं. हौद्यातल्या मातीत ताक, तेल, हळद मुरलेली असायची, त्या वासानंच जाग यायची. वस्ताद बोलायचे कमी, आणि बोलले तर ऐकवत नसे. तरी जायचो. मग नोकरीला लागलेले माझे धाकटे चुलते, आमचे तात्या, खूश होऊन म्हणाले, “शंभर बैठकांना चार आणे.”

झालं. पहिल्या आठवड्यात मी बैठका वाढवल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या उथळ झाल्या. गुडघा जरा वाकला की एक. तिसऱ्या आठवड्यात मी दर वाढवून मागितला. जोर काढायचं सोडूनच दिलं, कारण जोरांना दर ठरला नव्हता! मग तात्यांची बदली झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे आई उठवायला आली, तर मी पांघरुणातनं म्हणालो, “तात्या न्हाईत न्हवं?” चार दिवसांनी वस्ताद वाटेत भेटले. एवढंच म्हणाले, “हिशेब घालाय लागलास तवाच मला कळलं हुतं.” तात्यांवर माझा राग नाही. पण पैलवान झालो नाही, मास्तर झालो, याचं खापर फोडायला कुणीतरी हवंच.

पुढं शिकताना १९७३ चा एक प्रयोग वाचला आणि खुर्चीतच उडालो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतली चित्रांची आवड असलेली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं, तर आधीच बक्षीस कबूल केलेली मुलं रंगांकडं इतरांच्या निम्माच वेळ वळत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा नाद शाबूत! मारक ठरला तो आधी ठरलेला दर. डेसी या मानसशास्त्रज्ञाला तर १९७१ मध्ये दिसलं होतं की पैशानं कोडी सोडवण्याची गोडी घटते, तोंडी शाबासकीनं घटत नाही.

(समोरून : “सर, कुस्ती तर इनामावरच जोडतात!”)

आलं! मी वाटच बघत होतो. जोडतात की. इनाम पैलवानाला खासबागेच्या कुस्ती-मैदानात आणतं. पण त्याआधीची दहा वर्षं पहाटे चारला कोण उठवतं? तिथं इनाम नसतं. आणि पोटाला लागतं ते लागतंच. पगार बंद करा असं मी म्हणत नाही, माझी पेन्शन चालू आहे. माझं भांडण हल्लीच्या क्लासांशी आहे. पोरगं पान वाचतं, चांदणी मिळते. दुसरं पान, दुसरी चांदणी. माझ्या नातवानं परवा गोष्टीचं पुस्तक हातात घेऊन विचारलं, “आजोबा, हे मोजतात का?”

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे भावना पाच मिनिटांत.

मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स, १८८४. तो म्हणाला, अस्वल दिसलं, आपण पळालो, म्हणून भीती वाटली. आपण अस्वलाच्या जागी राधानगरीचा गवा घेऊ. आधी छाती धडधडते, मग मनाला कळतं की ही भीती. डेन्मार्कच्या लांगेनं पुढच्याच वर्षी जवळपास हेच मांडलं. १९२७ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ कॅनन म्हणाला, धडधड रागातही तीच आणि भीतीतही तीच, मग ओळखायचं कसं? १९६२ मध्ये शाक्टर आणि सिंगर यांनी लोकांना जीवनसत्त्व म्हणून अॅड्रेनॅलिन, म्हणजे छाती धडधडवणारं द्रव्य, टोचलं. परिणाम न सांगितलेल्यांना शेजारी मस्करी करणारा बसला तर मजा वाटली, चिडका बसला तर राग आला. धडधड शरीराची, नाव भोवतालचं. पुढं हा प्रयोग पुन्हा करणाऱ्यांना निकाल तसाच मिळाला नाही, हेही सांगायला हवं.

आता मूळ मुद्दा, दोन मिनिटांत. एकमन या मानसशास्त्रज्ञानं चेहऱ्यावरून ओळखू येणाऱ्या सहा भावना सांगितल्या : राग, किळस, भीती, आनंद, दुःख, आश्चर्य. भरताच्या नाट्यशास्त्रात स्थायीभाव, म्हणजे रसाच्या मुळाशी असलेल्या टिकाऊ भावना, आठ. या सहांशी जुळणारे सगळे त्यात आहेत, रती आहे, आणि आहे उत्साह. वीररसाचा स्थायीभाव! पाश्चात्त्य पुस्तकात जो प्रेरणेच्या प्रकरणात गेला असता, तो भरतानं भीती आणि क्रोधाच्या पंगतीला बसवला. तालमीकडं पाय ओढणारं जे होतं ते माझ्या मते हेच, आणि त्याला दर लावला की… हो, हो, थांबतो. यावर तीन पानं लिहून आणलीत. ज्यांना हवीत त्यांनी चहाच्या टेबलापाशी भेटा. चहा फुकट आहे, तेव्हा तुम्ही पानांसाठी आलात की चहासाठी, ते मला कळणार नाही.