गुरगुर करू द्या त्याला

रामराम श्रोतेहो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांमधी 31 वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढली, पशुधन पर्यवेक्षक म्हणून. लोक ढोरडॉक्टर म्हणायचे अन् मी कधी कोणाला दुरुस्त करायला गेलो नाही. रेडिओवरून फोन आला तेव्हा मला वाटलं लंपीवर नाहीतर खुरकुतावर बोलायला लावतील, तर मॅडम म्हणाल्या, घरातली लेकरं अन् घरातला कुत्रा यावर बोला. म्हटलं बोलतो, कारण या विषयात माझं नाक माझ्याच अंगणात कापल्या गेलं आहे.

तेच आधी सांगून टाकतो. आमच्याकडे मोत्या नावाचा कुत्रा, गावठी, तांबडा, जागलीला जाणारा. वावरात रात्री रानडुकरं नाहीतर रोही आले की हाच पहिले उठायचा. मग वय झालं, कंबर धरली त्याची, म्हणून घरीच ठेवला. नातू तेव्हा अडीच वर्षाचा. एक दिवस मोत्या भाकर खात होता अन् हा पठ्ठ्या त्याच्या ताटलीपाशी जाऊन बसला, मोत्या गुरगुरला, अन् मी काय केलं, उठून त्याला काठी हाणली. लेकरावर गुरगुरते काय बे! आठ-दहा दिवसांनी परत तसंच झालं, परत काठी. त्यानंतर मोत्या गुरगुरलाच नाही. घरात सगळे खुश, सुधरला म्हणे.

मग मे महिन्यातली दुपार, ऊन तुम्हाला माहीतच आहे आपल्याकडचं, मोत्या रांजणाखालच्या ओल्या मातीत पडलेला. नातू गेला, त्याच्या मानेवर आडवा झाला अन् कान धरून ओढला. मी बाजूच्या खाटेवर पेपर वाचत होतो, एवढ्या जवळ की हात लांबवला असता तर लेकरू हाताला लागलं असतं. आवाज नाही, गुरगुर नाही, सरळ तोंड फिरलं. गालावर दोन दात, डोळ्याच्या बोटभर खाली.

आमची बुढी म्हणाली, "न सांगता चावला हो." मी पण मान हलवली. रात्री मात्र झोप लागेना, कारण मलाच कळत होतं की तो सांगतच होता, त्याचं सांगणं मी काठीने बंद केलं. 31 वर्षं लोकांची जनावरं तपासली अन् घरच्या जनावराचं ऐकलं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, कुत्र्याच्या गुरगुरीला मारू नका. तो गुरगुरला की लेकराला उचला, आवाज न करता, अन् मग पाहा की त्याला नेमकं काय नको होतं. हाड, भाकर, झोप, दुखणं, काहीतरी असतेच. गुरगुर ही बसची शेवटची घंटी आहे, त्याआधी तो बऱ्याच गोष्टी करून चुकलेला असतो. मान दुसरीकडे फिरवतो. झोप आलेली नसताना जांभई देतो. खायला काही नाही तरी जिभेने नाक-ओठ चाटतो. डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसायला लागते. अन् सगळ्यात महत्त्वाचं, अंग ताठ होते, एकदम थांबून जातो, जसं कोणी फोटो काढून राहिलं. शेपूट हलली म्हणजे खुश आहे हे अर्धंच खरं आहे बरं का, ताठ उभी शेपूट बारीक-बारीक थरथरते तेव्हा तो खुश नसतो. मोठ्या माणसाला हे शिकता येते. दोन-तीन वर्षाच्या लेकराला नाही येत, त्याला दात दिसले की कुत्रा हसून राहिला असं वाटते.

अन् उंची पाहा ना. आपल्याला कुत्रा चावला तर पोटरीला चावते, लेकराचं तोंडच कुत्र्याच्या तोंडासमोर असते, म्हणून लहान पोरांना गाल, मान, डोकं इथंच लागते. वरून लेकरं गळ्यात पडतात. आपल्यासाठी ते प्रेम, कुत्र्यासाठी गळा पकडला.

आता लोक म्हणतात, आमचं लक्ष असते जी. लक्ष म्हणजे काय, स्वयंपाकघरातून आवाज देणं? की हातात मोबाईल अन् एक डोळा अंगणात? माझा पेपर होता, तेवढाच फरक. लेकरू अन् कुत्रा एका जागी असेल तर मोठं माणूस दोघांच्या मधात बसलं पाहिजे, अन् पाणी आणायला उठायचं असेल तर लेकरू कडेवर घेऊन उठा, नाहीतर कुत्र्याला बाहेर करून फाटक लावा. अर्ध्या मिनिटाचंच काम आहे, पण तेवढ्यातच होते जे व्हायचं ते.

साखळीने बांधून ठेवला म्हणजे झालं, असंही नाही. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, अन् ज्याला पळता येत नाही तो चावतो, साधा हिशोब आहे. दिवसभर खुंट्याला बांधलेला कुत्रा चिडका होते, अन् लेकरू त्या साखळीच्या घेरात शिरलं की गेलं. बांधायचाच असेल तर रस्त्याच्या, न्हाणीच्या वाटेवर नको, कोठ्याच्या मागं बांधा.

लेक बाळंतपणाला माहेरी आली, दवाखान्यातून बाळ घरी यायचं आहे, तर बाळाचं एखादं दुपटं एक दिवस आधी घरी पाठवा, कुत्र्याला लांबूनच हुंगू द्या. अन् पाळणा जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधून त्या खोलीचं दार उघडं ठेवू नका. हलणारा पाळणा अन् आतून रडण्याचा आवाज, कुत्र्याला ते काय आहे हे कळत नाही, तो पाहायला जातेच.

तान्हा पोळा झाला की भाद्रपद लागते. पोरं लाकडी नंदी घेऊन गावभर फिरतात, अन् त्याच महिन्यात गावातले कुत्रे माजावर येतात, टोळीने फिरतात, आपसात भांडतात. तेव्हा पोरांना टोळीच्या मधातून जाऊ देऊ नका, अन् आपला शांत कुत्राही त्या दिवसांत शांत राहीलच असं धरून चालू नका. कुत्रीचे दिवस 63 च्या आसपास, म्हणजे दिवाळीच्या आगंमागं पिलं. अन् तेव्हा आपण कुठं असतो? कापूस वेचायला. मोठे वावरात, घरी बुढी अन् लेकरं, अन् पोट्टे निघतात तणसाच्या ढिगात पिलं शोधायला, कुत्री पाणी प्यायला गेली की पिलू खिशात. ती परत येते तेव्हा एरवी किती का गरीब असेना, तेव्हा ती माय असते. पिलू पाळायचंच तर निदान दोन महिन्यांचं होऊ द्या. भावंडांसोबत खेळताना एक जोरात चावलं की दुसरं केकाटते अन् खेळ बंद पाडते, दात किती रोवायचा हे ते तिथंच शिकते. डोळे उघडल्याबरोबर उचलून आणलेल्या पिलाला हे शिकवायला घरी कोणी नसते. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग बूस्टर, मग दरवर्षी. जंताची गोळी पण द्या, कारण अंगणातल्या मातीत कुत्रा घाण करते अन् त्याच मातीत आपलं लेकरू खेळते, खातेही.

आता समजा चावलाच. इथं मी जरा जोरात बोलतो. हळद नाही, चुना नाही, तिखट नाही, रॉकेल नाही, अन् भगताकडे तर अजिबात नाही. नळाखाली नाहीतर गडव्याने पाणी सोडत, साबण लावून 15 मिनिटं घड्याळ लावून धुवा. लेकरू रडते, रडू द्या. मग लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालयात पाठवलं तर तिथं. रक्त निघालं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत सिरमचं, म्हणजे रेबीजशी लढणाऱ्या तयार औषधाचं, इंजेक्शन पण लागते, ते तुम्ही तोंडाने मागा. लस स्नायूत देतात तिथं 0, 3, 7, 14 अन् 28 व्या दिवशी, कातडीत देतात तिथं 0, 3, 7 अन् 28, पहिली सुई म्हणजे शून्य दिवस. तिसऱ्या सुईनंतर पोरगं चांगलं खेळते म्हणून पुढची चुकवू नका, सोंगणी असो की लग्न. पोटात 14 इंजेक्शनं द्यायचे ते दिवस कधीच गेले, पण ती भीती अजून गावात फिरते अन् तिच्यापायी लोक आठ-आठ दिवस दवाखान्यात जात नाहीत. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की मग कोणताच डॉक्टर काही करू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, रेबीजचा संशय असलेलं जनावर ज्यांना चावते त्यांच्यात शेकडा 40 जण 15 वर्षांच्या आतले असतात. अन् फ्रान्सच्या पाश्चर नावाच्या शास्त्रज्ञाने 1885 च्या जुलैमध्ये ज्याला आपली रेबीजची लस टोचवली तो पण 9 वर्षाचा पोरगाच होता.

अजून एक, पोरं मारापायी घरी सांगत नाहीत. कुत्र्याची खोडी काढली म्हणून बाप हाणेल, म्हणून ओरखडा पँटीत लपवतात. घरात आधीच सांगून ठेवा की चावला, नुसता ओरबाडला, तरी सांग, मार बसणार नाही. अन् मग खरंच मारू नका. चावलेल्या कुत्र्यालाही लगेच मारून टाकू नका, 10 दिवस डोळ्यासमोर ठेवा. तो दहाव्या दिवशी धडधाकट असला तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. पण ते 10 दिवस पाहत बसून मग लस, असं नाही, लस त्याच दिवशी सुरू.

आमच्या मोत्याला मी 10 दिवस कोठ्यात ठेवला. दोन्ही टायमाला भाकर मीच नेऊन द्यायचो, अन् खरं सांगतो, त्याच्याकडे पाहायला लाज वाटायची. घरचे म्हणत होते सोडून या त्याला वावरात. मी नाही सोडला. बंडी उभी असते तिच्याखाली पोतं टाकलं, अन् चारही बाजूंनी चुन्याची रेघ मारली. रेघेच्या आत मोत्याचं घर, नातवाने जायचं नाही, आम्ही पण जायचं नाही, भाकर रेघेच्या बाहेरून सरकवायची. पहिले दोन महिने मी दिवसातून दहा वेळा नातवाला हात धरून मागं आणला. पावसाने रेघ पुसली की परत मारायची.

आता नातू पाचवं संपवून राहिला. गालावर दोन ठिपके आहेत, हसला की दिसतात. परवा संध्याकाळी पाहिलं, रेघेच्या बाहेर उभा, दोन्ही हात पाठीमागं, अन् म्हणते, "मोत्या, येतं काय?" मोत्याने एक डोळा उघडला, पाहिलं, मान तिकडं फिरवली. नातू माझ्याकडे पाहून म्हणाला, "आबाजी, नाही म्हणते तो," अन् गेला आपला टायर फिरवायला.