खोटं, लबाड आणि दिशाभूल

नमस्कार मंडळी. बावीस वर्षं मी कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते. फिर्यादी, जबाब, दस्त, सगळं मराठीतून इंग्रजीत. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरात बसायला लागलं आणि कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची मराठी माझ्या टेबलावर येऊ लागली. या कागदांत सगळ्यात जास्त वेळा काय येत असेल, तर समोरचा खरं बोलला नाही ही तक्रार. पण ती सांगायला माणसं एकच शब्द वापरत नाहीत, आणि कुणी कुठला शब्द वापरला यावर पुष्कळ काही ठरतं.

आपल्याकडं गावात आई पोराला दटावते, "लबाड बोलू नगंस." 'खोटं बोलू नकोस' असं ती सहसा म्हणत नाही. या दोन शब्दांत फरक आहे. खोट म्हणजे उणीव, कसर. नाणं खोटं निघतं तेव्हा दोष धातूत असतो, नाण्याच्या मनात काही नसतं. लबाड मात्र माणूसच असतो. म्हणून एखादी गोष्ट खोटी असूनही सांगणारा लबाड नसेल, असं होऊ शकतं. त्याला तसंच कळलेलं असतं, एवढंच. कायदाही हेच विचारतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 227 प्रमाणं खोटी साक्ष ठरायला विधान खोटं असून भागत नाही. ते खोटं आहे हे साक्षीदाराला माहीत असावं लागतं, किंवा ते खरं आहे असा त्याचा विश्वास नसावा लागतो. न्यायालयीन कामात हा गुन्हा शाबीत झाला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षं ज्यावर अवलंबून आहेत तो फरक आपली आई एका शब्दात सांगून मोकळी होते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता घरची गोष्ट सांगते. वडिलांच्या वर्षश्राद्धाला माझी धाकटी बहीण मुलाला घेऊन पुण्याहून निघाली होती. पावसाळ्याचे दिवस. कराडजवळ तिच्या मोबाईलवर व्हिडिओ आला. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, ट्रकच्या रांगा, खाली एवढंच लिहिलेलं, "कोल्हापूर रोड बंद." ती तिथूनच मागं फिरली. व्हिडिओ बनावट नव्हता. तो 2019 च्या ऑगस्टमधला होता, तेव्हा तो रस्ता कित्येक दिवस खरंच पाण्याखाली होता. ती परत फिरली त्या दिवशी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा इशारा पातळीच्या, म्हणजे 39 फुटांच्या, कितीतरी खाली होती. चित्र खरं, जागा खरी, पाणी खरं. फक्त ते कधीचं आहे, हे कुणी लिहिलं नव्हतं. पिंड ठेवले, तेव्हा ती नव्हती. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

हा व्हिडिओ तिला पाठवला आमच्याच एका मावशीनं, काळजीपोटी. मावशीला घरात सगळे म्हणाले, "कशाला खोटं पसरवतेस?" ती आठवडाभर कुणाशी बोलली नाही. मला वाटतं, शब्द चुकीच्या माणसावर पडला. मावशीनं पसरवली ती अफवा. हा शब्द आपल्याकडं अरबीतून आला, मूळ अर्थ 'तोंडं', अनेक तोंडं. अफवेला एक मालक नसतो, ती तोंडातोंडी फिरते. पण ज्यानं पहिल्यांदा जुना व्हिडिओ काढून, तारीख गाळून, त्याखाली ते तीन शब्द लिहिले, त्याच्या कृत्याला मराठीत नेमका शब्द आहे: दिशाभूल. रात्री शिवारात चकवा लागतो म्हणतात ना, बांध ओळखीचा, विहीर ओळखीची, झाड ओळखीचं, तरी माणूस फिरून फिरून तिथंच येतो. तसं हे. यात एकही वाक्य खोटं असावं लागत नाही. म्हणूनच असा माणूस पकडला की छातीठोक विचारतो, "मी खोटं काय बोललो, दाखवा." आणि आपल्याकडं फक्त 'खोटं' हाच शब्द उरला असेल तर आपण गप्प होतो.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं हे ओळखलं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणंही येतं. जाहिरातीपुरतं हे झालं. घरातल्या, गावातल्या बोलण्याला कुठला कायदा पुरणार?

फिर्यादीतले शब्द बघा. 'पोलीस असल्याची बतावणी करून' हे वाक्य तुम्ही पेपरात शंभरदा वाचलं असेल. बतावणी म्हणजे आपण जे नाही ते असल्याचं दाखवणं. सोंग वेगळं. सोंगी भजनात राक्षस झालेला गडी कोण आहे हे सगळ्या गावाला माहीत असतं, तिथं कुणाची फसवणूक नाही. कांगावा म्हणजे स्वतःच मारायचं आणि मला मारलं म्हणून आधी ओरडायचं. याला इंग्रजीत एक शब्द मला अजून सापडलेला नाही, दर वेळी अख्खं वाक्य लिहावं लागतं. सारवासारव तर किती घरगुती आहे. भुईला चीर पडली की शेणाचा हात फिरवायचा. चीर आत तशीच राहते, वरून दिसत नाही.

थापेबद्दल मात्र आपण मायेनं बोलतो. लोणी कढवून केलेलं ताजं तूप कसं रवाळ, वासाचं, तशी लोणकढी थाप. ऐकणाऱ्यालाही कळतं, आणि तो दाद देतो. हल्ली या सगळ्यांवर एकच 'फेक' शिक्का बसतो. आपल्या 'फेकणे'चा आणि इंग्रजी 'फेक'चा उच्चार जुळल्यानं तो आणखी घट्ट बसला. आजोबांची शिकारीची गोष्टही फेक, तो व्हिडिओही फेक, मावशीही फेक. हे मला मान्य नाही.

काही वर्षांपूर्वी एका वाटणीच्या दाव्यातली साक्ष माझ्याकडं आली. नवरा गेल्यावर बाई दिराला विचारायची, माझं नाव सातबाऱ्याला कधी लागणार? दीर सांगायचा, "वारसनोंदीचा अर्ज दिलाय." अर्ज दिला होता, हे खरं. महिन्याभरात तो मागं घेतला, हे त्यानं सांगितलं नाही. ती चार वर्षं थांबली. उलटतपासात वकिलांनी तिला पेचात धरलं: दीर खोटं बोलला का? हो की नाही, एवढंच सांगा. बाई म्हणाली, "त्यो लबाड न्हाई बोलला सायेब, पर खरं बी न्हाई सांगितलं."

हे भाषांतर करताना माझी अख्खी दुपार गेली. 'दिशाभूल केली' असं लिहिलं असतं तर वाक्य सुबक झालं असतं, पण तो शब्द तिनं वापरला नव्हता, आणि तिच्या तोंडी तो घालायचा मला अधिकार नव्हता. शेवटी मी तिची दोन्ही वाक्यं जशीच्या तशी उतरवली, मध्ये फक्त स्वल्पविराम दिला.