मावशी, आ करा

(पडद्यावर: तुर्भे, भाजीपाला मार्केट, पहाटे सव्वाचार. टेम्पोचे लाईट, कोथिंबिरीच्या जुड्या, हमालांची ओरड.)

नवी मुंबईचा दिवस इथूनच सुरू होतो. रात्रभर गाड्या खाली होतायत, माथाडी पाठीवर गोणी घेऊन वाट काढतायत आणि या गर्दीत हिरव्या लुगड्यातल्या मावशी, एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हाताने भाव करतायत. साडेचारच्या आत माल रिक्षात टाकायचा, कारण कोपरखैरण्याच्या कोपऱ्यावर सातला पाटी लागलीच पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. माहेर-सासर दोन्ही पाटणकडचं, सातारा जिल्हा. मालक याच मार्केटात माथाडी होते, आता गुडघ्यांमुळे घरी असतात.

आता हा डबा बघा. कमरेच्या पिशवीत पैसे, मोबाईल आणि हा, झाकण घासून घासून पांढरं पडलेला. यात मशेरी आहे. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि बोटाने दातांवर-हिरड्यांवर फिरवत बसायचं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, पाटी उचलली की एकदा. मावशी तेरा-चौदा वर्षांच्या होत्या तेव्हापासून. "मशेरी लावल्याबिगर डोकंच चालत न्हाय बगा." आमच्या आज्या पण लावायच्या, तुमच्या पण लावत असतील, म्हणून ती घरातलीच गोष्ट वाटते, पण ही दातांची पावडर नाही, हा तंबाखू आहे, आणि तो थेट हिरडीवर चोळला जातोय.

(पडद्यावर: नळाजवळ चूळ. बेसिनमध्ये गुलाबी पाणी. इथे निवेदन नाही.)

रक्त कधीपासून येतं विचारलं तर मावशी हसल्या. "लई वर्सं झाली. त्याचं काय एवढं."

आणि ही दुसरी वस्तू, निळी प्लास्टिकची फाईल. मावशींना डायबिटीस आहे, सात वर्षं झाली. फाईलचं प्रत्येक पान आम्ही शूट केलंय, मुद्दाम केलंय. उपाशीपोटीची साखर, जेवल्यानंतरची साखर, एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, पायाला सुई टोचून संवेदना बघितल्याची नोंद, किडनीचा रिपोर्ट. सगळं आहे. हिरड्यांची एक ओळ नाही. सात वर्षांत एकदाही कुणी म्हटलं नाही की मावशी, आ करा. डोळे बघितले, पाय बघितले, आणि तोंड राहून गेलं, जे रोज सकाळी रक्ताने सांगत होतं.

(पडद्यावर: कोपरखैरणे, सिडकोच्या जुन्या बैठ्या घरांच्या गल्लीतला दवाखाना. खुर्ची मागे झुकते. दिवा.)

डॉक्टर ताईंच्या हातात जी बारीक काडीसारखी वस्तू दिसते ती म्हणजे प्रोब. टोक बोथट, त्यावर मिलिमीटरच्या खुणा, छोटी फूटपट्टीच समजा. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक फट असते, सगळ्यांच्याच असते, निरोगी तोंडात ती एक ते तीन मिलिमीटर. या फटीत प्रोब सोडायचा, दाब किती तर जेमतेम 20-25 ग्रॅम, आणि टोक कुठे अडतं ते वाचायचं. एका दाताला सहा ठिकाणी, तीन बाहेरून तीन आतून. मावशींचे 26 दात शिल्लक आहेत, म्हणजे 156 आकडे. ताई बोलतात, असिस्टंट मुलगी लिहिते. ऐका.

"तीन, तीन, चार. पाच, चार, सहा. रक्त. सहा, पाच, सात. रक्त."

आकडा चार किंवा त्याच्या पुढे गेला की त्याला पॉकेट म्हणतात, खिसाच तो, आणि त्या खिशात ब्रश पोचत नाही, बोट पोचत नाही, मशेरी तर नाहीच नाही. तिथे हवा कमी असते आणि असल्या जागी वाढणारे जंतू निवांत राहतात. आतली कातडी सोललेल्या जखमेसारखी असते, फक्त दिसत नाही. तोंडभर पायोरिया, म्हणजे हाडापर्यंत पोचलेला हिरड्यांचा आजार, असलेल्या माणसाची ही सगळी आतली कातडी उलगडून मांडली तर अंदाजे 8 ते 20 चौरस सेंटीमीटर भरते. तेवढी जखम पायाला झाली असती तर मावशींच्या फाईलमध्ये चार पानं तिचीच असती, खरं की नाही?

हे सुरू कुठून होतं? दातावर जो चिकट पांढरा थर बसतो, नखाने खरवडला तर येतो, त्याला प्लाक म्हणतात आणि तो जंतूंचा थर असतो. 1965 साली डेन्मार्कमध्ये दातांचे संशोधक हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 निरोगी माणसांना ब्रश बंद करायला लावला, बस्स, एवढंच. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. परत घासायला लागल्यावर सगळ्यांच्या बऱ्या झाल्या. म्हणजे या टप्प्यावर सगळं मागे फिरवता येतं, औषध लागत नाही, ब्रश लागतो. पण थर तसाच राहिला की लाळेतल्या क्षारांनी तो दगड होतो, आपण त्याला किटण म्हणतो, मग ब्रशने निघत नाही, आणि सूज खाली उतरून हाड खायला लागते.

(पडद्यावर: एक्स-रे, दिव्यासमोर धरलेला.)

ही दातांमधली हाडाची रेघ, ही इतकी वर असायला हवी होती. गेलेलं हाड सहसा परत येत नाही.

आता हा आवाज. (स्केलरचा, म्हणजे किटण काढायच्या मशीनचा आवाज, पाच सेकंद.) या मशीनचं टोक सेकंदाला 25 हजारांहून जास्त वेळा थरथरतं, पाण्याचा फवारा सोबत असतो, आणि हे बघा, खालच्या पुढच्या दातांच्या मागून काळपट तुकडा निघाला, तांदळाच्या दाण्याएवढा. मावशींनी तो हातात घेऊन बघितला, उलटापालटा केला, आणि पुन्हा ट्रेमध्ये ठेवला. त्यांना वाटत होतं हा दाताचाच तुकडा पडला.

ही भीती सगळ्यांनाच असते, की साफ केले की दात हलतात. हलतात ते किटणामुळे नाही, हाड गेल्यामुळे. किटण चुकीच्या सिमेंटसारखं त्यांना धरून बसलेलं असतं, ते काढलं की आधीच मोकळी झालेली जागा दिसते आणि दोष येतो मशीनवर. एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, त्यात निघत नाही. मावशींच्या शेजारणीने हेच सांगून त्यांना दोन वर्षं थांबवलं होतं, आणि त्या दोन वर्षांत एक दाढ गेली.

वरवरचं झालं की खरं काम पॉकेटच्या आत, भूल देऊन, मुळापर्यंत, एका वेळी तोंडाचा एक भाग. चार खेपा. ताईंची एकच अट होती: "नाश्ता करून यायचं, गोळी चुकवायची नाही, उपाशी खुर्चीत बसायचं नाही." चारही खेपांना मावशी दुपारी पाटीवर सुनेला बसवून आल्या.

शरीराशी याचा संबंध काय, तर डायबिटीसचा आणि हिरड्यांचा रस्ता दोन्हीकडून चालतो. साखर जास्त असली की हिरडीची सूज वाढते आणि जखम भरत नाही, आणि हिरडीतल्या सुजेची रसायनं रक्तात जाऊन इन्सुलिनचं काम अडवतात. याच लो यांनी 1993 मध्ये हिरड्यांच्या आजाराला डायबिटीसची सहावी गुंतागुंत म्हटलं, डोळे, किडनी, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमांच्या पाठोपाठ. हिरड्यांवर उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी 0.43 टक्क्याने उतरतं, असं 2022 च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, आहे. हृदयविकाराशीही संबंध दिसतो, हिरड्यांतले जंतू रक्तवाहिन्यांतल्या चरबीच्या थरात सापडलेत, पण एकामुळे दुसरं होतंच असं अजून सिद्ध नाही. गरोदरपणात सुजलेल्या हिरड्याही दाखवायलाच हव्यात.

आणि भारतात 10 कोटींहून जास्त लोकांना डायबिटीस आहे, 2023 चा आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, आकडा आहे हा. त्यातल्या किती जणांना फाईल बघताना आ करायला सांगतात?

मालकांनी खुर्चीत बसायला नकार दिला. बिडी ओढतात, म्हणतात मला रक्त येत नाही. बिडी-सिगारेटने हिरडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त येत नाही आणि आजार आत लपून राहतो. ते दारात उभे राहून बघत होते, कॅमेरा बघितला की आत जायचे.

(पडद्यावर: तीन महिन्यांनंतर. तेच मार्केट, पाऊस, प्लास्टिकची टोपी. मग घर, आरसा.)

मऊ ब्रश, आणि दातांच्या फटीत घालायचा हा बाटली धुवायच्या ब्रशसारखा इवलासा ब्रश. मावशी त्याला "काटा" म्हणतात. रात्री जेवण झालं की आरशासमोर, डोळे बारीक करून, एकेका फटीत. मशेरी सकाळची एकदाच उरलीय. पूर्ण सुटली नाही, ताईंनी ओरडून झालं, तंबाखू सोडवायच्या हेल्पलाईनचा नंबर सुनेच्या मोबाईलमध्ये आहे.

एचबीएवनसी 8.9 होतं, आता 8.4. गोळ्याही चालूच होत्या, चालणंही वाढलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय हिरड्यांना देणार नाही. पण निळ्या फाईलमध्ये आता एक नवं पान आहे, 156 आकड्यांचं.

(पडद्यावर: खुर्ची, दिवा, प्रोब.)

"तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार. मागच्या दाढेला अजून सहा, रक्त. ती बघू आपण. पुढे... दोन, तीन, दोन. रक्त नाही. तीन, दोन, तीन. रक्त नाही."

मावशींना बोलता येत नाहीये, तोंड उघडं आहे. बोटांवर त्या काहीतरी मोजतायत.