आजींचा पंप

हा पांढरा फवारा बघा. आजींनी दम्याचा पंप दाबला आणि खिडकीतून आलेल्या उन्हात तो ओठांतून परत बाहेर पडला. थोडा नाकातूनही निघाला. आजींचं औषध ते हेच.

दम्यावरचं साल्ब्युटामॉल गोळीतही मिळतं. ४ मिलिग्रॅमची ही गोळी. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे या गोळीचा चाळिसावा हिस्सा. गोळी पोटात विरघळते, आतड्यातून यकृतात जाते, बरंचसं औषध तिथंच खर्ची पडतं. उरलेलं अंगभर फिरतं, तेव्हा कुठं छातीला त्याचा वाटा मिळतो. हात थरथरतात, धडधडतं, ते या फेऱ्यामुळे. पंपाचं औषध थेट श्वासनलिकांवर पडतं. पाचेक मिनिटांत छाती मोकळी व्हायला लागते. ‘पंप लागला म्हणजे शेवटची पायरी’ असं गावोगाव म्हणतात. ते खरं नाही. पंपात औषध कमी असतं, जास्त नाही.

पण ते खाली उतरायला हवं. फवारा एवढ्या वेगानं सुटतो की बराचसा घशावर आपटतो आणि गिळला जातो. दाब आणि श्वास नेमका जुळवणं म्हाताऱ्या माणसांना, मुलांना जमत नाही. मग रात्री-अपरात्री दवाखाना.

ही पाण्याची रिकामी बाटली, ५०० मिलिलिटरची. सिस्टरांनी ती साबणाच्या पाण्यानं धुतली, न पुसता वाळवली. पुसलं की प्लास्टिक विजेनं भारतं आणि औषध आतून चिकटून बसतं. जाड तार पंपाच्या तोंडाच्या आकारात वळवली, लाल होईपर्यंत तापवली, बुडाला टेकवली. प्लास्टिक वितळत गेलं, भोक पडलं. पंप आत बसवला, भोवतीची फट चिकटपट्टीनं बुजवली. केपटाउनमध्ये डॉ. हेदर झार आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दम्याचा झटका आलेल्या मुलांवर हे तपासलं: फट बुजवलेली अशी बाटली विकतच्या स्पेसरच्या, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायच्या पोकळ नळकांड्याच्या, तोडीचं काम देते.

याशिवाय रोज घ्यायचा वेगळा, स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायचीच, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

आजींनी बाटलीचं तोंड ओठांत घट्ट धरलंय. सिस्टर दाबतात, एकदाच. ढग बाटलीत तरंगतो. आजी सावकाश ओढतात, बाटली पुन्हा आरपार दिसायला लागते. सिस्टर एकेक बोट दुमडत दहापर्यंत मोजतात.

आजी श्वास सोडतात. उन्हात पांढरं काही दिसत नाही.